आर्थर वेली : कधीच न पाहिलेल्या चीनचा अनुवादक

नीराकाठ

परवा अनुवादांवरच्या दुसऱ्या चर्चेत 'खरंतर' यांनी लिहिलं होतं: "ज्याने चीन पाहिला नाही, ज्याला चिनी बोलता येत नव्हतं, ज्याने शंभरातली सत्तर प्रकरणं कापली, त्या वेलीला थोर म्हणणं म्हणजे गोऱ्या साहेबाच्या सहीच्या पाया पडणं." दोन दिवस हे वाक्य डोक्यातून जाईना. तिथे उत्तर दिलं असतं तर तो धागा भरकटला असता, म्हणून इथे वेगळं लिहितो. लांबेल.

आधी 'चीन पाहिला नाही' याबद्दल. खरं आहे, वेली हा इंग्रज अनुवादक आयुष्यात कधी चीनला किंवा जपानला गेला नाही. पण त्याने कुठे जायला हवं होतं? बाय जूयी ७७२ ते ८४६ मधला कवी. १९१६ साली, म्हणजे वेलीने पहिलं पुस्तक स्वखर्चाने छापून मित्रांना वाटलं तेव्हा, कोणती बोट त्याला तांग राजवटीच्या चांगआनला नेणार होती? ते शहर पुस्तकांत उरलं होतं, आणि पुस्तकं होती तिथे वेली रोज सकाळी जात होता. १९१३ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या चित्रविभागात लागला, चित्रांवरची अक्षरं वाचता यावीत म्हणून चिनी आणि जपानी स्वतः शिकला. केंब्रिजला शिकताना एक डोळा खराब झाला होता. अशा माणसाने पाच वर्षांत एकशे सत्तर कवितांचं पुस्तक दिलं, १९१८ मध्ये.

दुसरं, आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे कान. त्याच्या आधी हर्बर्ट जाइल्सचे अनुवाद चालत. जाइल्स चिनी भाषेचा पंडित, पण यमकं जुळवायचा. चिनी कवी त्यात व्हिक्टोरियन सद्गृहस्थ होऊन बोलतात. कुणी तुकोबांचे अभंग शार्दूलविक्रीडितात बसवले तर जसं ऐकू येईल तसं. वेलीने यमक सोडलं. मूळ ओळीत पाच अक्षरं असली की इंग्रजी ओळीत पाच आघात, मधली हलकी अक्षरं कितीही येवोत. ज्याने ओवी ऐकली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. जर्मन कवी-नाटककार ब्रेख्तने वेलीच्याच इंग्रजीवरून चिनी कविता जर्मनमध्ये नेल्या. गोरा साहेब होता म्हणून ब्रेख्त त्याच्याकडे गेला नव्हता.

तिसरं, सत्तर प्रकरणं. 'मंकी' १९४२ चं. मूळ 'शीयौची' ही चिनी कादंबरी, पोथ्या आणायला हिंदुस्थानाकडे निघालेल्या गुरूची आणि त्याच्या शिष्य माकडाची; तिची शंभर प्रकरणं, वेलीने तीस घेतली. प्रस्तावनेत त्याने स्वच्छ सांगितलंय की बाकीचे संक्षेप करणारे सगळी प्रकरणं ठेवून आतलं बोलणं छाटतात, मी उलटं केलं: बरेच प्रसंग पूर्ण सोडले, पण घेतले ते जवळजवळ सबंध दिले, मधली पद्यं मात्र बहुतेक गाळली. दिवसा माहिती मंत्रालयात जपानी मजकुराची सेन्सॉरशिप, बाहेर महायुद्ध, आणि तेव्हा त्याने ते माकड इंग्रजीत आणलं. आपण काय केलं हे सांगून करणाऱ्याला लबाड म्हणू नका.

खरंतर

लबाड मी म्हटलं नव्हतं. शब्द माझ्या तोंडी घालू नका.

माझा राग कुठून येतो ते सांगतो. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात 'मंकी'ची एक इंग्रजी प्रत होती, कव्हर गेलेली, कुणीतरी जाड खाकी कागद लावलेली. अकरावीच्या सुट्टीत शब्दकोश घेऊन वाचली. माझ्या आयुष्यातलं सबंध वाचलेलं ते पहिलं इंग्रजी पुस्तक. वीसेक वर्षं मी लोकांना सांगत होतो की मी शीयौची वाचलंय. मग चाळिशीत अँथनी यू यांच्या पूर्ण इंग्रजी अनुवादाचे चार खंड हाती आले, शिकागोचे, १९७७ ते १९८३ मधले. तेव्हा कळलं की मी वाचलंच नव्हतं.

सत्ताविसाव्या प्रकरणात पांढऱ्या हाडांची राक्षसीण आहे. आधी तरुण मुलगी बनून येते, मग म्हातारी, मग म्हातारा. माकड तिन्ही वेळा ओळखतं, तिन्ही वेळा मारतं. गुरूला दिसतात फक्त तीन निरपराध माणसांचे मुडदे. तो डोक्यावरचं कडं आवळायचा मंत्र म्हणतो आणि माकडाला हाकलून देतो. माकड जाताना रडतं. खरं ओळखणाऱ्याला शिक्षा, आणि ती करणारा गुरू सज्जन! हा प्रसंग चिनी पोराटोरांना पाठ असतो. वेलीत नाही. एकोणसाठ ते एकसष्ट या प्रकरणांतला ज्वालांचा डोंगर, पंख्यासाठीची तीन झुंजी, तेही नाही. त्या पंखेवालीचं मूळ चिनी नाव 'लोछा न्यू' आहे, म्हणजे आपली राक्षसीच, संस्कृत शब्द तसाच उचललेला. माझ्यासारख्या वाचकाला हे कळायला चाळीस वर्षं लागावीत?

रामायणातून लंकादहन आणि अग्निपरीक्षा काढली आणि प्रस्तावनेत तसं कळवलं, तर चालेल तुम्हाला? प्रस्तावना कोण वाचतं? मी अकरावीत वाचली नव्हती.

गदाधर

राक्षसी आपली, माकड तर आपलंच. ते माकड, सुन वूखोंग, म्हणजे हनुमान हे खुद्द चिनी विद्वान हू शी यांनी मांडलंय. मग मूळ साहित्य कुणाचं यावर आधी बोलायला हवं. वेलीचं काय घेऊन बसलात?

नीराकाठ

हू शींनी मांडलं, आणि चिनी लेखक लू शुनने तेव्हाच विरोध करून वू-ची-ची नावाच्या चिनी जलदैत्याकडे बोट दाखवलं. वाद अजून मिटलेला नाही. 'मंकी'च्या अमेरिकी आवृत्तीला प्रस्तावना याच हू शींची आहे. म्हणजे संक्षेप किती आणि काय आहे हे ज्याला नेमकं ठाऊक होतं, त्या चिनी पंडितानेच ते पुस्तक वाचकांच्या हाती दिलं. हनुमानासाठी वेगळा धागा काढा, मी येईन. इथे नको.

शिरीषफूल

मी दोन्ही बाजूंना थोडी दुखावणार आहे.

पिंपरीच्या एका कारखान्यात सतरा वर्षं जपानी भाषांतर केलं. पहिली अकरा वर्षं जपान पाहिलं नव्हतं. पुण्यातच शिकले, सायकलवरून रानडे इन्स्टिट्यूटला जाऊन. एकदा तिकडून आलेल्या प्रेसच्या माहितीपुस्तकात दाबाचा आकडा दोन ठिकाणी वेगळा होता. तो मी पकडला. तिकडच्या तीन इंजिनिअरांच्या नजरेतून सुटला होता, कारण ते वाचत नव्हते, त्यांना माहीत होतं. मग पहिल्यांदा नागोयाला पाठवलं, तर स्टेशनवरची एक घोषणा कळेना. रडू आलं. पण म्हणून माझी अकरा वर्षं खोटी होती का? वाचायची भाषा आणि बोलायची भाषा हे दोन वेगळे अवयव आहेत. वेली चीनला गेला नाही यावरून त्याला नावं ठेवणाऱ्यांनी हा अनुभव एकदा घेऊन पाहावा.

आता दुसरी बाजू. 'गेंजी' ही जुनी जपानी कादंबरी त्याने सहा खंडांत केली, १९२५ ते १९३३. त्यातलं 'सुझुमुशी' हे अख्खं प्रकरण त्याने गाळलंय. घंटेसारखं वाजणाऱ्या कीटकांचं, शरदातल्या रात्रीचं प्रकरण, अगदी लहानसं. युद्ध नव्हतं, पानांची अडचण नव्हती, पुस्तक सहा खंडी होतंच. मला हे कधीच क्षमा करता आलं नाही. नीराकाठ, तुमचं 'सांगून केलं' इथे लावून दाखवा.

नीराकाठ

लावता येत नाही. 'सुझुमुशी'बद्दल माझ्याकडे बचाव नाही.

जुना_वाचक

तुम्ही सगळे कवितेत रमलात. वेली पोट कशावर भरत होता ते बघा. ब्रिटिश म्युझियममध्ये तो ज्या चित्रांची यादी करत होता, ती चीनमधल्या तुनह्वांगच्या गुहेतून पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइनने १९०७ मध्ये वांग नावाच्या पुजाऱ्याच्या हातावर थोडी चांदी टेकवून उचललेली. माल चोरीचा, वेली त्याचा यादीकार. यादी १९३१ मध्ये छापली. आपण भारतीयांनी तरी, ज्यांच्या आंध्रातल्या अमरावतीच्या शिळा त्याच इमारतीत आहेत, या माणसाला डोक्यावर घेऊ नये.

नीराकाठ

यादी त्याने केली, बरोबर. त्यातली निम्मी गोष्ट तुम्ही सोडलीत. स्टाइनच्या मोहिमेला हिंदुस्थान सरकारचाही पैसा होता, म्हणून चित्रांची वाटणी झाली आणि एक हिस्सा दिल्लीला आला. आज तो राष्ट्रीय संग्रहालयात आहे. वेलीच्या यादीत लंडन आणि दिल्ली दोन्ही आहेत. चोरीचा माल म्हणायचं तर तो आपल्याही घरात आहे.

आणि त्याच वेलीने १९६० मध्ये तुनह्वांगच्या लोककथा-पोवाड्यांचं पुस्तक केलं, त्याच्या शेवटी काय लिहिलंय? चिनी लोकांना काय वाटत असेल हे समजायचं असेल तर अशी कल्पना करा की कुणी चिनी पुरातत्त्वज्ञ इंग्लंडमधल्या एखाद्या पडक्या मठात आला, त्याला मध्ययुगीन हस्तलिखितांचा साठा सापडला, त्याने राखणदाराला लाच दिली आणि सगळं पेकिंगला नेलं. हे तो आपल्याच लोकांना, आपल्याच भाषेत सांगतोय. दोनच वर्षं आधी, १९५८ मध्ये, अफूचं युद्ध चिनी कागदपत्रांतून कसं दिसतं यावर त्याने पुस्तक लिहिलं होतं. साहेबाच्या सहीच्या गोष्टी करताना ही सहीसुद्धा बघा.

जुना_वाचक

पेकिंगचा तो उतारा मला माहीत नव्हता. ठीक. माणूस प्रामाणिक होता एवढं मानतो. संग्रहालयाबद्दलचं माझं मत तेच राहील.

पालीवाला

'अनुवादकाने तिथे जायला हवं' या वादाचा निकाल चीननेच दीड हजार वर्षांपूर्वी लावलाय, आणि त्यात आपण साक्षीदार आहोत.

ह्युएन त्संग तिकडून चालत इथे आला. नालंदेत शिकला, आपल्या महाराष्ट्रातही आला, पुलकेशीच्या राज्यातल्या लोकांबद्दल लिहून गेला: उपकार विसरत नाहीत, अपमान सोडत नाहीत. शाळेत सगळ्यांनी वाचलंय. ६४५ मध्ये परत गेला आणि ६६४ मध्ये मरेपर्यंत अनुवाद करत बसला. त्याच्याइतका अचूक अनुवादक चिनी भाषेत झाला नाही. (वेलीने याच खऱ्या ह्युएन त्संगचं चरित्र १९५२ मध्ये लिहिलं. 'मंकी'तला घाबरट, रडका गुरू खरा नव्हता हे त्याला सांगायचं होतं.)

त्याच्या अडीच शतकं आधीचा कुमारजीव, तोही बौद्ध ग्रंथांचा चिनी अनुवादक. बाप हिंदुस्थानातला, आई मध्य आशियातल्या कुचाची राजकन्या. पुनरुक्ती दिसली की छाटायचा, वाक्य चिनी कानाला गोड लागेल असं फिरवायचा. वज्रच्छेदिका हे बौद्ध सूत्र दोघांनीही अनुवादलं. आज चीनमध्ये लोक म्हणतात ती कुमारजीवाची. ८६८ मध्ये छापलेली, जगातली तारीख असलेली सगळ्यात जुनी छापील पोथी, तीही कुमारजीवाचीच. म्हणजे चालत जाणाऱ्याची अचूकता अभ्यासकांपाशी राहिली, आणि छाटणारा लोकांच्या तोंडी बसला. हे न्याय्य आहे असं मी म्हणत नाही. असं होतं एवढंच सांगतोय.

आणि एक दुखणं. पुण्यात फर्ग्युसनचे पु. वि. बापट होते. चिनी 'विमुत्तिमग्ग' आणि पाली 'विसुद्धिमग्ग' हे दोन बौद्ध ग्रंथ ओळीओळीने ताडून त्यांनी १९३७ मध्ये ग्रंथ केला. चिनी उत्तम जाणणारा माणूस आपल्या शहरात होता. त्यांच्याकडे जाऊन 'मास्तर, एखादी चिनी कविता मराठीत सांगा' असं कुणी म्हटलं असेल का? आपल्याला बुद्धापलीकडचा चीन नको होता.

गिरगावकर

पालीवाल्यांनी शेवटी मुद्द्याला हात घातला. मराठीत चिनी साहित्य येतं ते इंग्रजीतून. कुमारजीवाच्या तोंडी एक वाक्य सांगतात: अनुवाद म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला भात, चव तर नाहीच, उलट मळमळतं. मग इंग्रजीवरून केलेला मराठी अनुवाद म्हणजे दोनदा चावलेला भात.

मी तो चावलाय. एका प्रकाशकासाठी चिनी कथांचं पुस्तक इंग्रजीवरून केलं. तीनशे पानं, सात महिने, रात्री जागून. मुखपृष्ठावर माझं नाव नाही. आतल्या पानावर, किमतीच्या खाली, बारीक टायपात. पैसे दोन हप्त्यांत ठरले होते, दुसरा आजतागायत आला नाही. त्याहून वाईट म्हणजे ज्या इंग्रजी अनुवादावरून मी केलं, त्या बाईंचं नाव कुठेच नाही. मी दोनदा पत्र लिहून ते घालायला सांगितलं होतं. वेलीला निदान लोक नावाने शिव्या देतात. आम्हाला त्यासाठीही नाव नाही.

खरंतर

गिरगावकर, हे वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण तुमच्या भातानेच माझं म्हणणं सिद्ध होतं. मूळ भांड्यातून वाढा. तीस प्रकरणांच्या इंग्रजीवरून मराठीत बालसाहित्य होतं, त्यावरून नाटुकली होतात, आणि आपली मुलं समजतात की चिनी माकड एवढंच.

सुझौकर

नऊ वर्षं सुझौत राहतो, मोटारींच्या सुट्या भागांचं काम. मूळ भांडं म्हणता, तर हे घ्या. बाय जूयीची वीस अक्षरांची कविता, लिऊ नावाच्या मित्राला लिहिलेली. घराण्यातल्या त्या पिढीत त्याचा क्रमांक एकोणिसावा, म्हणून नाव 'लिऊ एकोणिसावा'. अक्षराला शब्द ठेवून देतो:

हिरव्या / मुंग्या / नवी / न-गाळलेली / दारू
तांबडी / माती / लहान / विस्तव / भट्टी
सांज / येते / आकाश / इच्छिते / हिम
शकशील / पिऊ / एक / पेला / ना?

मुंग्या म्हणजे न गाळलेल्या दारूवर तरंगणारे हिरवट फेसाचे कण. आता करा मराठी. इंग्रजी मध्ये नाही.

नीराकाठ

वा. पहिला प्रयत्न:

नवं मद्य, न गाळलेलं, वर हिरवट फेस.
तांबड्या मातीची इवली शेगडी.
सांज झाली, आभाळ हिमाला आलंय.
घेशील का एक पेला?

शिरीषफूल

'आभाळ हिमाला आलंय' सुंदर. आभाळ पावसाला येतं तसं, आणि मूळातलं 'इच्छिते' त्यात आपोआप बसलं. शेगडीही चोख. पण 'मद्य'? बाय जूयी संगीत नाटकातल्या राजासारखा बोलायला लागला. तो माणूस म्हातारीला कविता वाचून दाखवायचा आणि तिला न कळलेला शब्द बदलायचा अशी दंतकथा आहे. म्हातारी 'मद्य' म्हणेल?

गिरगावकर

मग काय, दारू? मराठीत 'दारू' म्हटलं की गुत्ता, मारहाण आणि रिकामा पगार दिसतो. आमच्या चाळीत मी ते पाहिलंय. मित्राला प्रेमाने बोलावताना हा शब्द चालणार नाही.

मांडवीतीर

तुम्हाला शब्द नाही कारण तुम्ही पिण्याकडे गुन्हा म्हणून बघता. आमच्याकडे गोव्यात सूर आहे. माडाची, सकाळी उतरवलेली, दुपारपर्यंत फेसाळलेली. माझा आजा शेजाऱ्याला कुंपणावरून हाक मारून बोलवायचा, त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. पोळ्याच्या पिठात, सान्नांत घरोघर तीच पडायची. फेस, ताजेपणा, न गाळणं, सगळं तिच्यात आहे. 'सूर' लिहा. घाटावर कळत नसेल तर 'माडी' लिहा.

खरंतर

बघा! यालाच माझा विरोध आहे. हिमाच्या संध्याकाळी, मातीच्या शेगडीपाशी बसलेल्या माणसाच्या हातात माडी? ती धान्याची दारू, गरम करून प्यायची, म्हणून तर शेगडी. माडी कोण तापवतं? आणि त्या मुंग्या कुठे गेल्या? कवीने पहिल्याच दोन अक्षरांत हिरव्या मुंग्या ठेवल्या आणि तुम्ही पाचव्या मिनिटाला त्या झाडून काढल्या. तीस प्रकरणं अशीच उरतात.

मांडवीतीर

मग मुंग्या ठेवा आणि वाचक पेला ओतून देईल! आमच्या घरी पेल्यात मुंगी दिसली तर आई पेला विसळायची. चिनी माणसाला ती फेसासारखी दिसते कारण त्याच्या भाषेत ती आधीपासून तिथे आहे. आणि 'माडी कोण तापवतं' म्हणजे काय? आमच्या गोष्टीला हसायचं आणि मूळ भांड्याच्या गप्पा मारायच्या?

खरंतर

हसलो नाही. तुमच्या आजोबांचं कुंपण मला कवितेपेक्षा आवडलं. पण ते कुंपण गोव्यातलं आहे, आणि ते तिथेच राहू द्या. चीनला त्याच्याआड उभं करू नका.

पालीवाला

तांदळाचीच हवी असेल तर झारखंडकडे हंडिया आहे. ढगाळ, ताजी.

गिरगावकर

झारखंडचा शब्द मराठी वाचकाला समजावायला तळटीप, मग तळटिपेला तळटीप. वीस अक्षरांच्या कवितेला वीस ओळींची टीप लावायची?

शिरीषफूल

सगळे जरा थांबा. शब्दच हवा आहे का? मराठीत मित्राला बोलावताना आपण 'दारू पितोस का' म्हणतच नाही. 'घेणार का?' म्हणतो. 'थोडी घे.' 'बसू या.' नाम गळतं आणि सगळ्यांना कळतं. शेवटच्या ओळीत नीराकाठ यांनी तेच केलंय. पहिल्या ओळीतही तेच चालेल: 'नवी आहे, अजून गाळली नाही.' स्त्रीलिंगी विशेषणच पुरेसं आहे. मूळातलं अक्षर पुसलं जातं हे मला माहीत आहे. सुझुमुशीवरून रडणारी मीच हे सुचवतेय, त्याचं मला बरं वाटत नाही.

सुझौकर

शेजारच्या आजींना विचारलं. पहिली दोन अक्षरं म्हटल्याबरोबर त्यांनी उरलेली अठरा म्हणून दाखवली, स्वयंपाक करता करता. 'हिरव्या मुंग्या' ऐकल्यावर मुंग्या दिसतात का असं विचारलं, तर म्हणाल्या, 'लहानपणी दिसायच्या, आता थंडी दिसते.' माडीची बाजू की मुंग्यांची, मला ठरवता येईना. तसंच्या तसं कळवतोय.

खरंतर

आजींचं वाचल्यापासून दुपारभर बसलो होतो. चार कागद फाडले. हे माझं:

नवी आहे, गाळली नाही, हिरव्या मुंग्या तरंगतायत.
तांबड्या मातीची शेगडी इवलीशी.
सांज झाली, आभाळ हिमाला आलंय.
येतोस? एक पेला घेशील?

'तरंगतायत' मी घातलं. मूळात ते नाही. त्याच्याशिवाय मांडवीतीरांच्या आईने पेला विसळला असता. शिरीषताईंनी सुचवलेलं नाम गाळणंही मी घेतलं. म्हणजे वीस अक्षरांत एक घातलं, एक काढलं, आणि दोन्ही करताना मला ते करणं भाग वाटत होतं. आणखी एक. पहिल्या ओळीत पाच आघात बसतायत का ते मी टेबलावर बोटांनी मोजत होतो. ही मोजणी कुणाकडून शिकलो ते नीराकाठ यांना माहीत आहे, त्यांनी बोलून दाखवायची गरज नाही.

सत्तर प्रकरणांबद्दल माझं मत बदललेलं नाही. हाडांची राक्षसीण वगळणं ही चूक होती आणि आहे. 'सहीच्या पाया पडणं' हे शब्द मागे घेतो.

नीराकाठ

मी बोलून दाखवत नाही. राक्षसिणीबद्दल तुमचं बरोबर आहे. गुरूने माकडाला हाकलल्याशिवाय नंतरची त्यांची सोबत हलकी वाटते. हे मी आज यू यांचं सत्ताविसावं प्रकरण पुन्हा वाचून लिहितोय.

मांडवीतीर

'तरंगतायत' ठीक आहे. मी अजूनही 'सूर'च म्हणेन. माझ्या आवृत्तीत.

शिरीषफूल

सुझौकर, पुढची द्या. मोठी चालेल.

सुझौकर

बाय जूयीचीच, कोळसे विकणारा म्हातारा. वेलीने केली आहे, पण ती आधी कुणी उघडू नका. डोंगरात लाकडं तोडून, भट्टी लावून कोळसा करतो, गाडी भरून शहरात आणतो. राजवाड्याची माणसं येतात, हुकूम दाखवतात, लाल तलम कापडाचा एक तुकडा आणि थोडं रेशीम बैलाच्या डोक्याला बांधतात आणि हजार शेरांहून जास्त कोळसा घेऊन जातात. मधल्या दोन ओळी देतो, प्रत्येकीत सात अक्षरं:

बिचारा / (जोडीचं अक्षर) / अंग / वर / कपडा / अगदी / एकपदरी
मन / चिंता / कोळसा / स्वस्त / इच्छितो / आभाळ / थंड

अंगात एकच पातळ सदरा, आणि कोळशाचा भाव पडू नये म्हणून थंडी वाढावी अशी त्याची इच्छा.

खरंतर

'इच्छितो' पुन्हा आलं. तेच अक्षर आहे का, मागच्या कवितेतलं?

सुझौकर

नाही, वेगळं. तिथलं 'यू' होतं, होण्याच्या बेतात असल्याचं. हे 'युआन', मनापासून मागण्याचं.

खरंतर

मग 'थंडीला आलंय' चालणार नाही. 'थंडी पडू दे' म्हणावं लागेल, नवस बोलल्यासारखं. रात्रीपर्यंत करतो.